वहिनीचं पाणी

नांदेडला आमच्या शेजारी एक तरुण सूनबाई राहते. बँकेत नोकरी, स्वभावाने गोड. गेल्या उन्हाळ्यात ती मला बोलवायला आली. "काकू, रविवारी तुम्ही पण चला ना. शरीरातल्या ऊर्जेचा समतोल साधणारं स्नान असतं. खडेमीठ, कापूर, गुलाबाच्या पाकळ्या, कडुलिंबाचा पाला. थकलेली ऊर्जा पाण्याबरोबर निघून जाते आणि माणूस पुन्हा भरून येतो."

मी विचारलं, "पाणी किती लागतं?"

ती हसून म्हणाली, "टब भरून."

मी गेले नाही. गुडघ्याचं कारण सांगितलं. खरं म्हणजे मला राग आला होता, आणि तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं. त्या पोरीवर काढण्यात काही अर्थ नव्हता, तिने बिचारीने मायेनेच बोलावलं होतं. जन्मभर शाळेत पोरांवर ओरडून झालं, तरी माझ्यातला राग काही संपत नाही. काही राग असे असतात की ते पेन्शनीत निघत नाहीत.

तसलं एक स्नान मी पाहिलेलं आहे. आमच्याकडे त्याला ऊर्जा-बिर्जा कुणी म्हणत नव्हतं. 'डोईवरचं पाणी' म्हणत. बाईचं लेकरू गेलं, किंवा मोठ्या दुखण्यातून कुणी उठलं, की त्याच्या अंगातलं निम्मं बळ दुसरीकडे राहून जातं, असं मानायचे. ते परत आणायचं तर पाच घरचं पाणी, त्यात कडुलिंबाचा पाला आणि हळद, आणि पाच सवाष्णींनी ते डोक्यावरून घालायचं. धार डोक्यावरून निघून, अंगावरून उतरून, टाचेला लागून जमिनीत जायला हवी. मध्ये तुटली तर चालत नाही. ओल्या फडक्याने अंग पुसलं, तांब्याभर पाणी खांद्यावर घेतलं, तर ते धरत नाहीत. आणि जोवर डोईवरचं पाणी पडत नाही तोवर त्या बाईने चुलीला आणि पाण्याच्या भांड्याला हात लावायचा नाही. चांगल्या वर्षी हे कुणाच्या लक्षातही येत नसे. बाराव्या दिवशी पाच जणी येत, हसतबोलत पाणी घालत, कुंकू लावून गूळ-खोबरं खाऊन जात.

आमचं ते वर्ष चांगलं नव्हतं.

गाव अहमदपूर तालुक्यातलं. नुकतेच आम्ही उस्मानाबाद जिल्ह्यातून लातूर जिल्ह्यात आलो होतो. आलो होतो म्हणजे जागचे हललो नव्हतो, कागदावर गेलो होतो. पारावर बसणाऱ्यांना त्याचं केवढं कौतुक! आता कचेरी जवळ, साहेब जवळ, दवाखाना जवळ. त्यातला एक खवचट म्हातारा म्हणायचा, "जिल्हा बदलला बाबांनो, पण आभाळाची बदली कुणी केली न्हाई." दोन पावसाळे कोरडे गेले होते. गावातल्या विहिरींमध्ये पोरं उतरून खेळत होती. टँकर यायचा आणि मोठ्या विहिरीत पाणी सोडून जायचा, मग आम्ही बाया काठावरून बादल्या सोडून ते गढूळ पाणी शेंदायचो. धक्काबुक्की, शिव्याशाप, कुणाचे दोर एकमेकांत अडकलेले. ज्याच्या दंडात जोर त्याच्या घरी दोन घागरी जास्त. आमच्या घरी दंड कुणाचे? मायचे आणि माझे.

वडील मी लहान असतानाच गेले होते. माय, मी, थोरला दादा आणि नवी आलेली वहिनी, एवढंच घर. नव्या जिल्ह्याच्या कचेऱ्या लातुरात बांधणं चालू होतं, दादा तिथे गवंड्याच्या हाताखाली होता. महिन्यातून कधीतरी यायचा. मी अहमदपूरच्या शाळेत जायची, पण उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या होत्या.

वहिनी मुखेडकडची. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, पण तिचे वडील स्वतः येऊन हात जोडून मायला म्हणाले, "आमच्याकडं तर टँकर बी येईना झालाय. लेकीला कुठं न्हाऊ घालू?" माय तेव्हा मोठ्या तोऱ्यात म्हणाली, "राहू द्या इथंच. माझी लेकच हाय ती." तेव्हा ते तिने मनापासून म्हटलं होतं, याबद्दल मला शंका नाही.

मुलगा झाला. बारशाच्या आधीच गेला. का गेला हे कुणी सांगितलं नाही, आणि विचारायची पद्धतही नव्हती. दादा आला, गावाबाहेर खड्डा खणून आला, एक रात्र राहिला आणि कामाचे खाडे होतात म्हणून परत गेला.

वहिनी पुढच्या खोलीत भिंतीला पाठ लावून बसायची. दूध यायचं आणि पोलकं भिजायचं. पहिल्या काही दिवसांत तिने आवाज न करता इतकं रडून घेतलं की मला वाटायचं, ह्या घरात पाणी हिच्या डोळ्यांतच तेवढं उरलंय. नंतर तेही थांबलं. हातात दिलेली वाटी हातातच राहायची. गावातली सुईण तिला बघायला आली. वय झालेली, कडक बाई, तिचा शब्द आमच्या गल्लीत कायद्यासारखा. वहिनीचा हात हातात घेऊन तिने सोडून दिला, तर तो टपकन मांडीवर पडला.

"बघितलं का?" सुईण मायला म्हणाली, "लेकरासंगं हिचं निम्मं गेलंय. डोईवरचं पाणी घाला लवकर, न्हाई तर उरलेलं बी जाईल."

"कुठून घालू?" माय म्हणाली.

"ते तुमी बघा."

माय पाच घरी गेली. मी बरोबर होते. लेकरू गेलेल्या बाईच्या डोईवरच्या पाण्याला 'न्हाई' म्हणणं म्हणजे महापाप. म्हणून 'न्हाई' कुणीच म्हटलं नाही. सगळ्यांनी 'उद्या' म्हटलं. "उद्या देतो की वो. आज टँकर उशिरा आला." "उद्या धाडते घागर. पाव्हणे आलेत." दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, पुन्हा उद्या. एका घरी तर आम्हाला दारात बघून सुनेने भरलेली घागर घाईने आत नेली आणि मग बाहेर येऊन गोड आवाजात उद्या म्हणाली. त्या बायांना मी आता नावं ठेवत नाही. एक घागर म्हणजे एका घराचा अख्खा दिवस होता. पण तेव्हा मला त्यांच्या दारात थुंकावंसं वाटलं होतं.

तिसऱ्या खेपेला माय रस्त्यातच थांबली. म्हणाली, "बस झालं. भीक मागून सुनेला न्हाऊ घालावं असे दिवस आणू नगं देवा." आणि सुईणीकडे जाऊन तिने तोड काढून आणली. पाच घरचं पाणी मिळत नसेल तर एकाच घरचं पाच वारांचं पाणी चालतं. रोज थोडं थोडं बाजूला ठेवायचं, रांजण भरला की घालायचं. सुईणीने हे कुठल्या पोथीत वाचलं होतं देव जाणे. पण कायदा करणारीनेच सूट दिली, तर कोण भांडणार?

न्हाणीच्या कोपऱ्यात एक जुना रांजण होता. मायने तो राखेने घासला, तोंडाला फडकं बांधलं. विहिरीवरून आलो की घागर आत जायच्या आधी त्यातलं थोडं पाणी रांजणात पडायचं. मायच्या मनात त्या रांजणाने असं घर केलं की स्वतःच्या वाटचं पाणीही ती त्यात ओतायची. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे जे झालं ते ऐकून तुम्ही तिला कसाई ठरवाल. ती कसाई नव्हती. भाकरीसोबत दोन घोट पिऊन ती दिवस काढत होती. तिची जीभ इतकी कोरडी असायची की बोलताना टाळूला चिकटल्याचा आवाज यायचा.

पण तिची तहान तिच्या हातात होती. वहिनीची नव्हती.

वहिनीने पाण्याच्या भांड्याला हात लावायचा नाही, म्हणजे तिला पाणी कुणीतरी द्यायला हवं. ती उंबऱ्याशी येऊन बसायची, दोन्ही हातांची ओंजळ तोंडाशी धरायची, आणि मी किंवा माय उभं राहून वरून धार सोडायचो. तांब्या तिच्या हाताला लागू द्यायचा नाही. अर्धं पाणी बोटांतून खाली जायचं. खाली गेलं की ती ओला हात मानेवरून फिरवायची. माय परसात गेली की मी धार जरा लांबवायची. एकदा मायने पाहिलं.

"काय करून राहिलीस तू?" ती माझ्यावर खेकसली. "तिच्याच डोईचं पाणी तिला पाजून राहिलीस. असं रोज पाजलं तर रांजण भरणार कधी?"

हे वहिनीने ऐकलं. त्या दिवसापासून तहान लागली का म्हणून विचारलं की ती "न्हाई" म्हणायची.

मला ह्या गोष्टीत सगळ्यात जास्त काय टोचत असेल तर ते हे. दुपारच्या वेळी तिला तापाची बारीक कसर यायची, ओठांना चिरा पडल्या होत्या, लघवीला ती दिवसातून एकदाही धड जात नसे, आणि तरी ती न्हाई म्हणायची. तिने मायचा हिशेब मान्य केला होता. आज पिईन ते पाणी उद्याच्या डोईवरचं कमी होईल. तिला बळ यावं म्हणून पाणी साठवत होतो, आणि ते साठावं म्हणून तिचं उरलंसुरलं बळ काढून घेत होतो. घरात तिघी बाया, तिघी शहाण्या, आणि एकीलाही हे दिसू नये! मी तर शाळेत पहिली यायची.

रिकाम्या रांजणात पाणी पडलं की आवाज घुमतो. भरत आला की आवाज बारीक होत जातो. वहिनी पुढच्या खोलीतून तो आवाज ऐकत बसायची. त्या दिवसांत ती आपणहून बोलली असेल तर एवढंच, "आज आवाज बारीक आला का गं?" मी हो म्हटलं की तिचा चेहरा जरासा हलायचा.

एकदा मी तिच्या केसांतला गुंता काढत होते. केसांची नुसती जट झाली होती, कंगवा जात नव्हता. ती मध्येच म्हणाली, "डोईवरचं पाणी झाल्यावर मी पहिल्यांदा काय करणार, सांगू?"

"काय?"

"आत जाऊन माझ्या हातानं तांब्या बुडवणार. अन् तोंडाला लावून पिणार. खाली बसून, भिंतीला टेकून. कुणाच्या हाताकडं न बघता."

तिला लेकरू परत मिळणार नव्हतं, हे तिला कळत होतं. बळ-बिळ येतं का नाही, ह्याची तिला फिकीर नव्हती. तिला फक्त तांब्याला हात लावायचा होता.

रांजण भरला. शुक्रवार ठरला. सवाष्णी गोळा करायला माय पुन्हा त्याच पाच घरी गेली. आता पाणी मागायचं नव्हतं, म्हणून सगळ्या लगेच तयार झाल्या. सकाळी मायने रांजणातलं पाणी तांब्याच्या मोठ्या घंगाळात काढून पुढच्या अंगणात उन्हाला ठेवलं, म्हणजे सरपण न जाळता कोमट होईल. वेशीजवळचा लिंब तेवढा दुष्काळातही हिरवा होता. मी त्याचा पाला आणून पाण्यात टाकला. वहिनीला मागे न्हाणीतल्या दगडावर बसवलं, तिचे केस सोडले. ती भिंतीला हात लावत चालत आली होती, पण डोळ्यांत जरा जीव होता. म्हणाली, "तेवढं पाणी मला बघू दे की." मी म्हटलं, "आता अंगावरच पडणार आहे, बघायचं काय त्यात?"

बायका यायला अवकाश होता. तेवढ्यात सकाळच्या एस.टी.ने दादा आला.

कुणाला निरोप नव्हता. अंगणाच्या फाटकातून तो आत आला तेव्हा मी त्याला पहिल्या नजरेत ओळखलं नाही. केसांत सिमेंट, भुवयांत सिमेंट, आणि दोन्ही हात खाजवत होता. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, काखेत खरजेचे फोड. मध्यंतरी गावच्या एका माणसाबरोबर त्याने खाज सुटल्याचं कळवलं होतं खरं, पण ते आमच्या ध्यानातून गेलं होतं. पत्र्याच्या एका शेडात सगळे मजूर झोपायचे, त्यातून लागलेली. आणि खरजेवर आमच्याकडे एकच औषध, लिंबाच्या पाल्याच्या पाण्याने अंघोळ.

तो उन्हातल्या घंगाळासमोर उभा राहिला. पाण्यात तरंगणारा पाला बघितला. मग मायकडे बघून तो असा हसला, की तसं हसताना मी त्याला वडील गेल्यानंतर बघितलं नव्हतं.

"माय, तू माझ्यासाठी लिंबाचं पाणी ठेवलंस?"

माय घंगाळाकडे बघू लागली.

"तुला कसं कळलं मी आज येणार म्हणून?"

मी म्हटलं, "दादा, ते पाणी वैनीच्या..."

"गप गं," माय म्हणाली. मग तिने पदर सारखा केला आणि दादाला म्हणाली, "हाव रे बाळा. तुझ्याचसाठी ठेवलंय. घे अंग धुऊन."

मी पुन्हा तोंड उघडलं, तर तिने माझा दंड असा पकडला की तिची नखं रुतली. दादाला काही दिसलं नाही. त्याने शर्ट काढला होता.

माय आत गेली आणि बाज ओढत बाहेर घेऊन आली. त्या दुष्काळात सगळ्या गावाची ही रीत झाली होती. बाजेवर बसून अंघोळ करायची, खाली घमेली ठेवायची, आणि गळालेलं पाणी जनावराला किंवा भांड्यांना वापरायचं. लेकाला सुनेचं पाणी देताना मायचा जीव तुटला असेल नसेल, पण घमेली ठेवायला ती विसरली नाही. हाताची सवय माणसाच्या आधी चालते.

दादा बाजेवर बसला आणि तांब्यावर तांब्या डोक्यावर घेत राहिला. साबणाचा एक तुकडा होता, तो लावला. मध्ये मध्ये बोलत होता. "लातुरात गंमत हाय माय. सिमेंटला दिवसातून दोनदा पाणी मारतात. भिंत तडकू नये म्हणून. माणसाला मात्र प्यायला बी मोजून. मला वाटायचं आपण भिंत असतो तर बरं झालं असतं." आणि मग म्हणाला, "लई दिवसांनी अंग मोकळं झालं बघ."

माझा भाऊ वाईट माणूस नाही. पुढे जन्मभर, हा विषय निघाला की तो एकच वाक्य म्हणत आला, "मला काय माहीत?" खरंच आहे. त्याला माहीत नव्हतं. पण आपली बायको कुठे आहे, कशी आहे, हे त्याने पाण्याच्या आधी विचारलं असतं, तर त्याला कळलं असतं. पुरुषांच्या माहीत नसण्यालाही मोठी राखण असते, आम्हीच ती करत असतो.

मागे न्हाणीत वहिनीला पाण्याचा आवाज ऐकू गेला असणार. पाण्याचे आवाज तिला पाठ झाले होते. ती आली तेव्हा घंगाळ रिकामं होतं, तळाला पाल्याच्या दोन डहाळ्या चिकटल्या होत्या, आणि दादा पंच्याने डोकं पुसत होता. सोडलेले केस, भिंतीला हात. तिने घंगाळ बघितलं, मग नवऱ्याचे ओले केस बघितले.

त्याच वेळी हळदीकुंकवाची ताटं घेऊन सवाष्णी फाटकात आल्या. त्यांच्या पुढे सुईण. त्यांनीही घंगाळ बघितलं. त्यातल्या एकीने पदर तोंडाला लावला. माय पुढे झाली.

"उद्या करू," ती म्हणाली. "आज जरा... उद्या करू."

उद्या! ज्या शब्दाने तिला पाच घरांतून परत पाठवलं होतं, तोच तिच्या तोंडून निघाला.

वहिनीने भिंतीचा हात सोडला. ती बाजेपाशी गेली, खाली वाकली आणि एक घमेलं ओढून बाहेर काढलं. आत दादाच्या अंगावरचं पाणी होतं, सिमेंटने करडं झालेलं, वर साबणाचा फेस आणि पाला. जिला वाटी धरता येत नव्हती तिने ते घमेलं दोन्ही हातांनी उचललं. मी धावले तर म्हणाली, "हात लावू नगंस."

तिने ते डोक्यावर रिकामं केलं.

एका दमात नाही, हळूहळू. धार तुटू न देता. पाणी केसांतून तोंडावर आलं, पोलक्यावरून, लुगड्यावरून खाली गेलं, आणि पायांच्या खालची माती काळी होत गेली. मग तिने दुसरं घमेलं ओढलं. बाजेवर बसलेला दादा उठला, "हे काय करून राहिलीस तू?" म्हणाला. तिने त्याच्याकडे मान वळवली नाही. दुसरं घमेलंही तसंच डोक्यावर घेतलं. पाल्याची पानं तिच्या कपाळाला चिकटून राहिली.

सगळ्या बायका आता सुईणीकडे बघत होत्या. सुईण वहिनीच्या टाचांकडे बघत होती. तिला खाली वाकायला त्रास व्हायचा, तरी ती वाकली, वहिनीच्या टाचेला बोट लावून बघितलं, आणि कंबरेवर हात ठेवून उठली.

"लागली धार टाचेला," ती म्हणाली. "झालं पाणी."

तिने ताटातलं कुंकू घेऊन वहिनीच्या ओल्या कपाळाला लावलं. ते लगेच ओघळलं. मग बाकीच्या पाचही जणींनी लावलं. गूळ-खोबरं मात्र कुणी मागितलं नाही, आणि त्या आल्या तशा गेल्या.

वहिनी आत गेली. चुलीजवळ पाण्याची घागर होती. तिने त्यात तांब्या बुडवला. तो बुडताना झालेला डुबुक आवाज मी उंबऱ्यात उभं राहून ऐकला. तोंडाला लावून ती पाणी प्यायली. पुन्हा बुडवला, पुन्हा प्यायली. त्या दिवसाचं सगळ्या घराचं पाणी ते, पण तिला थांबवायची छाती कुणाची होणार? तिसरा तांब्या भरून ती उंबऱ्यापाशी आली.

माय तिथेच बसली होती. पहाटेपासून तिच्या तोंडात पाण्याचा थेंब नव्हता. ती म्हणाली, "मला बी दे गं घोटभर."

मला वाटतं, मायला नुसती तहान नव्हती लागली. सुनेच्या हातचं पाणी प्यायलं की झालंगेलं मिटेल, असा तिचा अंदाज असावा. आमच्याकडे भांडणं अशीच मिटतात, माफी कुणी मागत नाही, पाणी मागतात. तिने तांब्या घ्यायला हात पुढे केला.

वहिनीने तांब्या दिला नाही. तिने तो वर उचलला आणि तशीच उभी राहिली.

मायला समजायला थोडा वेळ लागला. मग तिने पुढे केलेला हात मागे घेतला, दुसरा हात त्याला लावला, आणि ओंजळ करून तोंडाशी नेली. वहिनीने वरून धार सोडली. अर्धं पाणी मायच्या बोटांतून खाली गेलं.

दादा दुसऱ्या दिवशी लातूरला गेला. त्याची खाज लिंबाच्या पाण्याने बरी झाली. वहिनीला त्या घमेल्यातल्या पाण्यातून खरूज लागली आणि पाऊस पडेपर्यंत ती अंग खाजवत होती. तिच्यात बळ आलं का? आलं असावं. ती उठली, कामाला लागली, विहिरीवर माझ्यापेक्षा जोरात बादली ओढायला शिकली. पुढे तिला दोन लेकरं झाली, ती मोठी झाली, शिकली. पण दगडावर केस सोडून बसताना तिच्या डोळ्यांत मी जे पाहिलं होतं ते पुन्हा कधी पाहिलं नाही.

आणि मायला ती पाणी द्यायची ते वरूनच. पहिल्यांदा मला वाटलं, चार दिवसांचा राग आहे, निवळेल. वर्षं गेली. सणावाराला, पाहुण्यांदेखत, नातवंडांसमोर, माय पाणी मागायची आणि ओंजळ करायची. वहिनी उभी राहून धार सोडायची. बोलणं गोड, स्वयंपाक मायच्या आवडीचा, आजारपणात पाय चेपणं, सगळं होतं. कुणी नवीन माणसाने विचारलं तर माय म्हणायची, "मला अशीच सवय हाय." मी माहेरी गेले की मला ते बघवायचं नाही, म्हणून मी लवकर निघायची. एकदा मी वहिनीला म्हटलं, "आता तरी सोड." ती भाजी निवडत होती. म्हणाली, "त्यांनी म्हणू दे, मग सोडते." काय म्हणू दे, ते तिने सांगितलं नाही, पण मला कळलं. मायलाही कळत होतं. ते एक वाक्य मायच्या तोंडून कधी निघालं नाही.

माय शेवटी वर्षभर अंथरुणावर होती. तोवर गावात बोअर झाले होते, घरात नळ होता. वहिनी तिला रोज कढत पाण्याने अंघोळ घालायची, बादल्याच्या बादल्या. पाठ चोळायची, केस विंचरायची, अंथरूण ओलं झालं तर कुरकूर न करता बदलायची. एवढी सेवा मी, तिच्या पोटची लेक, केली नसती. शेवटच्या दिवशी मी पोचले तेव्हा मायचा श्वास घरघरत होता. ओठ सुकले होते. तिने पाण्यासाठी जीभ बाहेर काढली, म्हणून मी तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि तांब्या तिच्या तोंडाला लावला.

तिने मान फिरवली. मी पुन्हा लावला, तिने पुन्हा फिरवली. मग जड झालेले दोन्ही हात तिने गोधडीतून कसेबसे बाहेर काढले, एकमेकांना लावले, आणि दारात उभ्या असलेल्या वहिनीकडे बघत राहिली.

वहिनी आत आली. माझ्या हातातून तांब्या घेतला आणि वरून पाणी सोडलं. ते मायच्या मनगटांवरून गोधडीवर गेलं, कारण तिच्या बोटांना आता ओंजळ धरता येत नव्हती.